चालू डेटाबेसची प्रायमरी की बदलायची आहे. नवीन डेटाबेस बांधावा की आहे तोच दुरुस्त करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या एका क्लासचं सॉफ्टवेअर, मायएसक्यूएल डेटाबेस, चाळीसेक टेबलं. विद्यार्थ्यांच्या टेबलाची प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखायची खूण) म्हणजे पालकांचा मोबाईल नंबर, फॉरेन की (एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणारा नियम) कुठेच नाही आणि फीच्या पावत्या रोज फाटतायत. मग सगळं नव्याने बांधायचं की आहे त्यातच बदल करायचा?

आहे त्यातच करा. नवीन बांधलंत तरी जुना डेटा त्यात ओतावाच लागणार आहे आणि दुखणं त्या डेटातच आहे.

मी ऐरोलीत नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका आडत्याचं सॉफ्टवेअर हातात आलं. तिथे शेतकऱ्याचा मोबाईल नंबर ही की होती. टेबल उघडलं तर एकच नंबर आणि त्याच्यापुढे ‘-१’, ‘-२’ असं करत थेट ‘-३१’ पर्यंत. हिशेब लिहिणाऱ्या मेहताजींना विचारलं तर म्हणाले, “अहो, तो माल वाहून आणणाऱ्या हुंडेकऱ्याचा नंबर. एका गाडीत तीस जणांचा माल येतो, प्रत्येकाचा फोन कुठे विचारत बसू? आणि हे सॉफ्टवेअर तोच नंबर दुसऱ्यांदा घेत नाही.” पट्ट्यांच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांच्या, टेबलात तोच नंबर कुठे ‘-२’ असा, तर कुठे मध्ये स्पेस सोडून ‘- २’ असा. म्हणजे पट्टी आहे, पैसे चुकते झालेत, पण ज्याला दिले तो शेतकरी टेबलात सापडत नाही. चूक मेहताजींची नव्हती. की अशी निवडली होती की काम उरकायचं तर त्यांना खोटी एंट्री करणं भागच होतं.

तुमच्याकडे हुंडेकऱ्याच्या जागी भावंडं असतील. दोन मुलं, आईचा एकच नंबर. दुसऱ्या मुलासाठी काउंटरवरच्या ताईंनी काय टाकलंय ते आधी पाहा. दहा शून्यं टाकलेला विद्यार्थीही सापडेल. प्रत्येक टेबलाबद्दल त्यांच्याशेजारी बसून एकच गोष्ट ठरवा: या टेबलातली एक ओळ म्हणजे नक्की कोण किंवा काय? विद्यार्थी, कुटुंब की प्रवेश? तोच मुलगा पुढच्या वर्षी दहावीला आला तर नवी ओळ की जुनीच? हे ठरल्याशिवाय एकही ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी कमांड) चालवू नका. आडत्याकडे माझे दोन दिवस यातच गेले आणि पुढचं सगळं काम त्यामुळेच सरळ झालं.

त्यानंतर बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा. त्या कॉपीवर फी, हजेरी, परीक्षा अशा प्रत्येक टेबलाला विद्यार्थ्यांच्या टेबलाशी लेफ्ट जॉइन लावा (जोडीदार ओळ नसली तरी रेकॉर्ड दाखवणारी जोडणी) आणि पलीकडची बाजू नल, म्हणजे रिकामी, येते ते रेकॉर्ड मोजा. हे तुमचे ऑर्फन, म्हणजे ज्यांचा विद्यार्थीच सापडत नाही असे रेकॉर्ड. फीचे ऑर्फन कधीही डिलीट करू नका, ते कोणाच्या तरी खिशातून आलेले पैसे आहेत. पावतीबुक काढून एकेक जुळवा. वेळ लागेल, लागू दे.

आता बदल. विद्यार्थ्यांच्या टेबलात ऑटो-इन्क्रिमेंटचा (आपोआप वाढत्या आकड्याचा) नवा आयडी कॉलम घाला आणि त्यावर युनिक इंडेक्स (तोच आकडा दोनदा येऊ न देणारा) ठेवा. हे चालू असताना इनोडीबी (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) त्या टेबलात लिहू देत नाही, त्यामुळे क्लास सुटल्यावर रात्री करा. बाकीच्या टेबलांत तोच कॉलम घाला, सध्या नल चालेल असा. प्रकार मात्र हुबेहूब तोच हवा: एकीकडे अनसाइन्ड इंट (ऋण आकडे न घेणारा पूर्णांक) आणि दुसरीकडे साधा इंट असेल तर फॉरेन की लागतच नाही. अनसाइन्ड इंट ४२९ कोटींच्या वर जातो, तुम्हाला पुरून उरेल.

मग ट्रिगर लावा, म्हणजे नवी पावती पडताना जुन्या नंबरावरून आयडी आपोआप भरला जाईल. जुने रेकॉर्ड त्यानंतरच भरायचे. क्रम उलटा झाला तर मधल्या वेळच्या पावत्या रिकाम्या राहतात. भरताना पाच-पाच हजारांचे तुकडे करा. दोन टेबलं जोडून केलेल्या अपडेटला लिमिट चालत नाही, म्हणून पावती क्रमांकाच्या रेंजने पुढे सरका.

एकही नल उरला नाही की प्रायमरी की बदला. जुनी काढणं आणि नवी लावणं एकाच ऑल्टरमध्ये, कारण इनोडीबी सगळं टेबल प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवतो आणि की बदलली की अख्खं टेबल पुन्हा लिहून काढतो. ते दोनदा कशाला? याचा एक फायदाही आहे. प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये (प्रायमरी की सोडून बाकीच्या) प्रायमरी कीची कॉपी असते, त्यामुळे मोबाईल नंबर जाऊन चार बाइटचा आकडा आला की सगळे इंडेक्स हलके होतात. हजेरीच्या टेबलाची की ‘नंबर आणि तारीख’ अशी जोडीची असेल तर तिथेही नंबराऐवजी आयडी येईल.

फॉरेन की सगळ्यात शेवटी. ती लागत नसली तर कोणीतरी सांगेल, फॉरेन की चेक्स बंद करून लावा. कृपा करून असं करू नका. चेक बंद असताना लावलेली की जुने रेकॉर्ड तपासत नाही आणि चेक पुन्हा चालू केल्यावरही मागे वळून पाहत नाही. की दिसते, पण घाण आतच राहते. एरर आली म्हणजे ऑर्फन उरलाय, तो शोधा.

आणखी एक लक्षात असू द्या. मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर टेबल झाला की त्याचा कमिट आपोआप होतो, म्हणजे बदल कायम होतो, आणि रोलबॅक करून मागे फिरता येत नाही. म्हणून ही सगळी मालिका कॉपीवर निदान दोनदा चालवा आणि घड्याळ लावून वेळ मोजा.

सॉफ्टवेअरचा कोड नव्या आयडीवर आला की बाकीच्या टेबलांतला जुना नंबराचा कॉलम लगेच ड्रॉप करू नका. ट्रिगर काढा, कॉलम नल घेईल असा करा आणि फक्त त्याचं नाव बदला. आडत्याकडे मी नाव बदललं आणि तिसऱ्या दिवशी महिन्याचा आडतीचा रिपोर्ट बंद पडला, जो कोणाच्याच यादीत नव्हता. कॉलमला जुनं नाव परत दिलं, रिपोर्ट दुरुस्त केला आणि ड्रॉप केला तो पुढच्या महिन्याचा हिशेब जुळल्यावर. तुमच्याकडे निदान फीचा एक पूर्ण हप्ता जाऊ द्या.