आयनांबरातला प्लाझ्मा : ‘वहन’ की ‘सरकणे’, ‘अस्थिरता’ की ‘चढउतार’?

प्रश्न असा आला आहे : पृथ्वीच्या वरच्या वातावरणातील प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटल्याने विद्युतभारित झालेले अणुरेणू म्हणजे आयन, आणि ते सुटे इलेक्ट्रॉन) कसा हलतो आणि त्याचे प्रमाण कसे बदलत राहते, यावरच्या लेखाचा मराठी अनुवाद चालू आहे. अनुवादिकेने शीर्षक दिले, ‘आयनांबरातील प्लाझ्माची गती व परिवर्तनशीलता’. संपादकांनी ते बदलून ‘आयनमंडलातील प्लाझ्माचे वहन व अस्थिरता’ केले. यातले कोणते बरोबर?

संपादकांचे शीर्षक कानाला बरे लागते, पण त्यातले ‘अस्थिरता’ आणि ‘वहन’ हे दोन्ही शब्द या विषयात आधीच दुसऱ्या कामाला लागलेले आहेत. त्यामुळे ते घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या शीर्षकातला ‘आयनांबर’ ठेवा आणि ‘गती’ व ‘परिवर्तनशीलता’ बदला.

सोपा भाग आधी. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, आयनांबर, बाह्यांबर ही माळ मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या ओळखीची आहे. ‘आयनमंडल’ हा हिंदीत रुळलेला शब्द. तिकडे क्षोभमंडल, समतापमंडल अशी सगळी मालिकाच ‘मंडल’वर बेतलेली आहे आणि तिथे तो शोभतो. मराठीत एकच मंडल मध्ये आणून बसवले तर वाचकाला वाटते की हा वेगळाच काही थर असावा. एक सूचना मात्र करतो, ‘अयनांबर’ असे लिहू नका. हा शब्द आयन आणि अंबर यांचा संधी आहे, दक्षिणायनातल्या अयनाशी त्याचा थेट संबंध नाही. थेट नाही एवढ्याचसाठी म्हणतो, की फॅरडेने 1834 मध्ये ज्या ग्रीक शब्दावरून ‘आयन’ घेतला त्याचा अर्थ ‘जाणारा’ असा आहे, आणि ते ग्रीक क्रियापद व आपला ‘इ’ (जाणे) हा धातू एकाच मुळातून आलेले आहेत. नाते आहे, पण दूरच्या भावकीतले.

‘प्लाझ्मा’ तसाच ठेवा. जुन्या परिभाषेत ‘आयनद्रायू’ असा शब्द आढळतो (द्रव आणि वायू मिळून ‘द्रायू’). घडण नेटकी आहे, पण तो वाचकांपर्यंत पोहोचला नाही. रक्तातल्या प्लाझ्माशी घोटाळा होईल ही भीती धरू नका, संदर्भावरून कळते. अमेरिकी शास्त्रज्ञ लँगम्यूरने 1928 मध्ये हे नाव भौतिकीत आणले तेव्हाही रक्ताचा प्लाझ्मा होताच. ‘प्लाझ्माचा’ की ‘प्लाझ्म्याचा’? नियमाने पाहिले तर ‘कॅमेऱ्याचा’सारखे ‘प्लाझ्म्याचा’ व्हायला हवे, पण ‘डेटाचा’ जसे चालते तसे ‘प्लाझ्माचा’ चालले आहे. मी तेच लिहितो.

एक वाक्य मात्र तुमच्या मसुद्यातून काढाच : ‘आयनांबर हा प्लाझ्माचा थर होय.’ साधारण 300 किलोमीटर उंचीवर, म्हणजे जिथे प्लाझ्मा सर्वांत दाट असतो तिथेसुद्धा, हजारात जेमतेम एखादा कण आयन झालेला असतो. बाकी सगळी विद्युतभाररहित हवा. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी त्या विरळ हवेतल्या अणुरेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि हवेत मिसळलेला हा प्लाझ्मा आपल्या वेगळ्या नियमांनी हलतो. म्हणूनच ‘प्लाझ्माचे वारे’ ही शब्दयोजनाही चुकीची आहे. वारा भाररहित हवेचा. 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातल्या थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले, त्याने संध्याकाळच्या आकाशात सोडलेला सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग वरचा वारा दाखवण्यासाठी होता. प्लाझ्माची हालचाल पाहायची असते तेव्हा बेरियम सोडतात. सूर्यप्रकाशात त्याचे आयन होतात आणि त्या आयनांचा जांभळट पट्टा पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांच्या दिशेने लांबत जातो, तर उरलेला हिरवट भाग वाऱ्याबरोबर जातो. एकाच ढगाची अशी फारकत झालेली पाहिली की दोन शब्द का हवेत ते वेगळे सांगावे लागत नाही.

आता ‘वहन’. संपादकांच्या मनात भूखंडवहन असावे. तिथे वहन म्हणजे जागा सोडून हळूहळू दूर जाणे, आणि तेवढ्यापुरते ते सयुक्तिक आहे. पण विजेच्या संदर्भात वहन म्हटले की विद्युतवहन आठवते, म्हणजे विद्युतप्रवाह. आणि आयनांबरात नेमकी इथेच मेख आहे.

सुमारे दीडशे किलोमीटरच्या वरच्या भागाला एफ थर म्हणतात. तिथली हवा इतकी विरळ की आयन आणि इलेक्ट्रॉन यांना तिचे धक्के क्वचितच बसतात. विद्युतक्षेत्र एका दिशेला आणि चुंबकीय क्षेत्र दुसऱ्या दिशेला असले, की दोन्ही प्रकारचे कण त्या दोहोंना काटकोनात, एकाच दिशेने आणि एकाच वेगाने जातात. धन आणि ऋण भार जोडीने चालले, मग प्रवाह कुठून निर्माण होणार? प्लाझ्मा जागचा हलतो, पण या चालीतून वीज वाहत नाही. याला ‘प्लाझ्मावहन’ म्हटले तर वाचक नेमका उलटा अर्थ घेईल.

आता खाली या, 105 किलोमीटरच्या आसपास, ई थरात. तिथे हवा दाट असल्याने आयन तिच्यातच अडकून पडतात. इलेक्ट्रॉन हलके, त्यांना ती अडवू शकत नाही, ते सुटतात. एक जण थांबला आणि दुसरा निघाला की विद्युतप्रवाह झाला. चुंबकीय विषुववृत्तावर (जिथे पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा जमिनीला समांतर असतात) दिवसा असा प्रवाह पूर्वेकडे वाहत असतो. आपल्याकडे हे विषुववृत्त तिरुनेलवेली-थुंब्याच्या बाजूने जाते. या प्रवाहासाठी ‘वहन’, ‘प्रवाह’, ‘झोत’ हे सगळे शब्द चपखल आहेत. म्हणजे वहन हा शब्द लेखात येईलच, फक्त खालच्या मजल्यावर.

यात अलिबागचा वाटा आहे आणि तो मला नेहमी सांगावासा वाटतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी वेधशाळा अलिबागला नेली. तिरुनेलवेली या विद्युतझोताच्या थेट खाली, अलिबाग त्याच्या पट्ट्याबाहेर. तिरुनेलवेलीला दिवसभरात चुंबकीय क्षेत्र जेवढे वाढते त्यातून अलिबागची वाढ वजा केली की उरतो तो विद्युतझोताचा परिणाम. त्यावरून संशोधक वरच्या एफ थरातला प्लाझ्मा किती वेगाने वर चालला आहे याचा अंदाज बांधतात. खालचे वहन मोजायचे आणि त्यावरून वरची चाल ओळखायची! दोन्हीला एकच शब्द वापरला तर हे वाक्य मराठीत लिहिताच येणार नाही.

मग वरच्या चालीला काय म्हणायचे? मी ‘सरकणे’ हे साधे क्रियापद सुचवतो. हिंदीत ‘अपवाह’ आहे, पण मराठी वाचकाला तो पाण्याच्या निचऱ्याकडे नेईल. ‘दिवसा विद्युतक्षेत्र पूर्वेकडे असते, चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे, म्हणून विषुववृत्तावरचा प्लाझ्मा वर सरकतो, रात्री विद्युतक्षेत्र पश्चिमेकडे वळले की खाली सरकतो.’ हे वाक्य कोणालाही कळते. दिवसाचा वेग सेकंदाला वीसतीस मीटर असतो, आणि मावळतीच्या सुमारास काही काळ तो एकदम वाढतो. नाम हवेच असेल तिथे ‘सरकण्याचा वेग’ लिहा. ‘सरकण’, ‘सरकाव’ असे काही घडवत बसू नका, मराठी क्रियापदावर उभी राहते तेव्हाच नीट चालते.

वर गेलेला प्लाझ्मा पुढे बलरेषांच्या कडेने, स्वतःच्या वजनाने आणि दाबातल्या फरकाने, दोन्ही बाजूंना उतरतो. त्यासाठी ‘उतरणे’ आणि ‘पसरणे’ पुरेसे आहेत, परिभाषेत ‘विसरण’. या सगळ्या चक्राला कारंजे म्हणण्याचा प्रघात आहे, तो जसाच्या तसा घ्या. याच कारंज्यामुळे दुपारनंतर प्लाझ्माची सर्वाधिक दाटी विषुववृत्तावर न राहता दोन्ही बाजूंना दूर जाऊन होते, आपल्याकडे अहमदाबाद-भोपाळच्या आसपास.

‘गती’बद्दल एवढेच, की शास्त्रात तिचा अर्थ हालचाल असला तरी बोलण्यात ‘गती’ म्हणजे वेग. ‘प्लाझ्माची गती’ वाचून लोक किती किलोमीटर ते शोधतील. शीर्षकात ‘हालचाल’ लिहा.

आता ‘अस्थिरता’. संपादकांच्या शीर्षकातली सर्वांत मोठी अडचण हीच. बदलत राहणे म्हणजे अस्थिर असणे, हा व्यवहारातला अर्थ मान्य. पण या शास्त्रात अस्थिरता ही एक ठराविक घटना आहे. सूर्य मावळला की ई थरातले रेणूंचे आयन इलेक्ट्रॉनांशी झपाट्याने पुन्हा जुळतात आणि तो थर विरतो. वरच्या एफ थरात ऑक्सिजनच्या अणूंचे आयन असतात, ते सावकाश जुळतात, म्हणून तो टिकतो. शिवाय मावळतीच्या त्या उसळीने तो आणखी वर उचललेला असतो. परिणामी दाट प्लाझ्मा वर आणि जवळजवळ रिकामी जागा खाली, तेलावर पाणी ठेवावे तशी स्थिती होते. तळाला एखादी लहानशी लाट उठली तरी ती वाढत जाते आणि विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर घुसतात, कधीकधी हजार किलोमीटरपर्यंत. याला अस्थिरता म्हणतात, रॅले-टेलर अस्थिरता. ती एखाद्या संध्याकाळी होते, एखाद्या संध्याकाळी होत नाही. हे ‘होते-न होते’ म्हणजेच मूळ लेखिकेला अभिप्रेत असलेला बदल! तो सांगायचा तर ‘अस्थिरतेची अस्थिरता’ असे लिहावे लागेल.

‘परिवर्तनशीलता’ चुकीचा नाही, पण तो बदलण्याचा गुण सांगतो, प्रत्यक्ष बदल सांगत नाही. ‘विचलन’ सांख्यिकीने घेतला आहे, प्रमाण विचलनात. खगोलवाले बदलत्या ताऱ्यांना ‘रूपविकारी’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण इथे रूप बदलत नाही, घनता बदलते. घनतेला ‘चढउतार’ शोभतो. भावाचे चढउतार, तापाचे चढउतार आपण रोज म्हणतो, आणि त्यात वरखाली होणे, पुन्हा पुन्हा होणे हे दोन्ही येते.

फक्त चढउतार कशाचे आणि किती काळातले, ते प्रत्येक वेळी सांगा. तुमच्या मसुद्यात ‘दैनंदिन बदल’ दोन ठिकाणी आहे आणि दोन्हीकडे अर्थ वेगळा आहे. पहिल्या ठिकाणी चोवीस तासांतले चक्र अभिप्रेत आहे : सकाळी घनता वाढू लागते, दुपारनंतर कळस गाठते, पहाटे तळाला जाते. तिथे ‘दिवसभरातील चढउतार’ लिहा. दुसऱ्या ठिकाणी कालच्या दुपारची आजच्या दुपारशी तुलना आहे. तिथे ‘एका दिवसाचा दुसऱ्या दिवसाशी फरक’ असे सविस्तर लिहिणे भाग आहे. लांब होईल, होऊ द्या. पहिला बदल घड्याळासारखा ठरलेला आहे, दुसऱ्याचे भाकीत करणे हा या विषयातला सर्वांत चिवट प्रश्न आहे. सूर्य तोच, ऋतू तोच, तरी काल बुडबुडे उठले आणि आज नाहीत. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे आपल्याकडे त्यांचे मुख्य महिने, इतके सांगता येते. पण नेमकी कोणती संध्याकाळ, हे आदल्या दिवशी खात्रीने सांगता येत नाही. खालच्या वातावरणातून वर चढणाऱ्या लाटाही त्यात हात घालतात. हा फरक ‘दैनंदिन’ या एका शब्दात बुडाला तर लेखाचा गाभाच बुडतो. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राचे चढउतार आणि चुंबकीय वादळांतले बदल यांना प्रस्थापित शब्द आहेत, ते तसेच वापरा.

शेवटची शंका तुम्ही जाता जाता विचारली होती : बुडबुड्यांतून येणारा उपग्रहाचा संदेश सेकंदासेकंदाला तेज-मंद होतो, त्याला ‘प्रस्फुरण’ लिहावे का? माझे उत्तर ‘लुकलुक’ असे आहे. हवेतल्या खळबळीने तारा लुकलुकतो आणि प्लाझ्मातल्या खळबळीने उपग्रहाची रेडिओलहर लुकलुकते. दोन्हीकडे लाटेच्या वाटेतला पदार्थ कमीजास्त दाट असल्यानेच तसे होते, तेव्हा हा शब्द नुसता अलंकार म्हणून येत नाही. पण लुकलुक आणि विलंब एकत्र करू नका. विलंब शांत आयनांबरातही होतो : वाटेतल्या दर चौरस मीटरच्या स्तंभात दहाचा सोळावा घात इतके इलेक्ट्रॉन (हे एक एकक) असले तर जीपीएसच्या मुख्य लहरीत सुमारे 16 सेंटिमीटरची चूक येते. सूर्य जोरात असण्याच्या वर्षांत भर दुपारी भारतावर अशी शंभराच्या आसपास एकके साठतात. म्हणजे 16 मीटर, आणि उपग्रह क्षितिजाकडे असला तर वाट तिरपी होऊन आणखी जास्त. ही चूक मोजून दुरुस्त करता येते, ‘गगन’ प्रणाली विमानांसाठी तेच करते. लुकलुकीत मात्र संदेशच तुटतो, दुरुस्त करायला काही हाती उरत नाही. मसुद्यात जिथे ‘संदेश बिघडतो’ असे मोघम लिहिले आहे, तिथे ‘उशिरा पोहोचतो’ की ‘लुकलुकतो’ ते पाहून बदला. शीर्षक ‘आयनांबरातील प्लाझ्मा : हालचाल आणि चढउतार’ असे करा.