आधी घोडे काढ, वजीर नंतर

दांडिया बाजारात आमच्या ओट्यावर बुद्धिबळ खेळायला येतोस, छानच. पण मोबाइलवरचे एकेका मिनिटाचे डाव सध्या बंद ठेव. त्यात हात पळतो, डोकं नाही. पंधरा मिनिटांचा डाव लाव. खेळी करण्याआधी बघ, समोरच्याने आत्ता कशावर नेम धरलाय? तुझा वजीर तिसऱ्याच खेळीला बाहेर पडतो. मग त्यांचे घोडे त्याला हुसकावतच पुढे येतात आणि तुझे उंट घरीच. आधी घोडे-उंट काढ, कॅसलिंग कर, म्हणजे राजा-हत्ती एकाच खेळीत हलवून राजा कोपऱ्याकडे सुरक्षित ने. फुरसत मिळाली की राजासमोरचं एक प्यादं सरकव, नाहीतर शेवटच्या ओळीत हत्ती शिरून मात देतो. (शेव-उसळीची पैज लावणारे काका हेच करतात!) ओपनिंगची, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्यांची, पाठांतरं राहू देत. लीचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर कोडी फुकट आहेत, रोज थोडी सोडव. हरलेला डाव मात्र लगेच इंजिनला, म्हणजे चुका दाखवणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला, दाखवू नकोस. कुठे घसरलं, ते आधी स्वतः शोध.