टूर द फ्रान्स २०२६ (तीन आठवड्यांची सायकल शर्यत): सोलापुरात बसून सगळं बघणं जमणार नाही, कोणते टप्पे बघू? जिंकेल कोण?

टप्पा १९ आणि २०. दोन्ही आल्प्स पर्वतातल्या आल्प द्युएझ या ठिकाणी, चढावर संपतात. १९व्यात नेहमीचा २१ वळणांचा चढ: १३.८ किमी, सरासरी ८.१ टक्के. तुळजापूरच्या घाटात धापा टाकणाऱ्यांनी अंदाज घ्यावा! विसावा त्याहून जीवघेणा: क्रोआ द फेर घाट, २६४२ मीटर उंचीचा गालिब्ये घाट, शेवटी सारेन घाटाच्या मागच्या वाटेने आल्प द्युएझवर, एकूण चढ ५६०० मीटर. तासाला ९०-१०० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) पोटात गेले नाहीत, तर इथे सायकलपटू काही मिनिटांनी मागे पडतो. वैयक्तिक टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा) एकच, २६ किमीची. म्हणून त्यात तरबेज असलेल्या बेल्जियमच्या एवेनपूलला फायदा मर्यादित. पसंती चार वेळच्या विजेत्या पोगाचारलाच, टक्कर डेन्मार्कच्या विंगेगोरची. टप्पे साधारण रात्री नऊच्या आसपास संपतात, शेवटचा दीड तास तरी बघाच.