उन्हाळ्यात घर सजवायचं तर आधी पश्चिमेची काच झाका

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून बदलीवर छत्रपती संभाजीनगरला आलात, सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे, बाल्कनी पश्चिमेला आहे. उन्हाळ्यासाठी घर कमी खर्चात, सोप्या पद्धतीनं कसं सजवावं, पडदे कोणत्या रंगाचे घ्यावेत, कुंड्या कोणत्या ठेवाव्यात?

आधीच्या उत्तरांत लिंबाच्या रंगाचे उशांचे अभ्रे, समुद्राची चित्रं, काचेच्या बरणीतले शिंपले असं बरंच सुचवलेलं दिसतंय. ते लिहिणाऱ्यांनी मराठवाड्यातला मे महिना काढलेला नाही, हे मी स्पष्टच सांगते. इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि आठवडेच्या आठवडे खाली यायचं नाव घेत नाही. दुपारी सोफ्यावर बसलं तर पाठ भाजते, मग त्या सोफ्यावरचा अभ्रा पिवळा आहे की निळा, कोण बघतंय? आपल्याकडे उन्हाळ्याची सजावट म्हणजे ऊन अडवणं आणि घरातला पसारा कमी करणं. गालिचा गुंडाळून माळ्यावर टाका. प्लॅस्टिकची फुलं, जाडजूड मखमली पडदे, भिंतीवरच्या दिव्यांच्या माळा, सगळं काढा. फरशी मोकळी दिसली की अर्धं काम झालं.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूची. या विषयावर आमच्या घरात गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं सासरचं घर माळवदाचं होतं. हातभर रुंद नव्हे, चांगल्या दोन-अडीच फुटांच्या दगडमातीच्या भिंती, सागाच्या तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उजेडाला वर एक झरोका. अशा घरात बाहेरचं ऊन भिंतीतून आत झिरपेपर्यंत दिवस मावळतो, आणि मावळल्यावर माणसं तशीही माळवदावर झोपायला जातात. पुढे भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, पुढचा सगळा भाग पाडून स्लॅबचं घर बांधलं. रस्ता पश्चिमेला, म्हणून घराचं तोंड पश्चिमेला. एलिव्हेशन उठून दिसावं म्हणून हॉलला रस्त्याच्या बाजूनं जमिनीपासून लिंटलपर्यंत काच. नकाशा आला तेव्हाच मी म्हटलं होतं, "भाऊजी, ही काच पूर्वेला घ्या नाहीतर तिच्यावर चांगला रुंद छज्जा तरी घ्या." ते म्हणाले, "छज्ज्यानं लूक जातो."

मागची एकच माळवदाची खोली राहिली. आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, देवघर तिथं होतं. मी आहे तोवर या खोलीला हात लावायचा नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं.

नव्या घरातली पहिली चैत्रगौर आली. थोरल्या जाऊबाईंना हॉल दाखवायची हौस होती, आणि ती असायलाच हवी, त्यांनी घर फार मनापासून लावलं होतं. त्यांनी गौरीचा झोपाळा हॉलमध्ये काचेसमोर मांडला, मागे सॅटिनचं कापड, वर रंगीत दिवे. शिवाय पन्ह्याच्या पाण्यासाठी आणलेल्या नव्या माठावर ऑइल पेंटनं सुंदर वारली नक्षी काढली. नक्षी खरंच सुंदर होती. पण माठ गार करतो तो त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या ओलीमुळे. ती ओल हवेत उडून जाताना पाण्यातली उष्णता घेऊन जाते. ऑइल पेंटनं ती छिद्रंच बुजतात. सकाळी भरलेलं पाणी दुपारी तोंडात धरवत नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण हल्ली रंगवलेले माठ दुकानात सजावट म्हणून मिळतात आणि तुम्ही घ्याल. घेऊ नका. नक्षी हवी असेल तर गेरू आणि चुन्यानं काढा. माठाखाली ओली वाळू ठेवा, माठ खिडकीच्या झुळकीत ठेवा. त्याच्यासारखी उन्हाळी शोभा दुसऱ्या कशाची नाही.

तर हळदीकुंकवाची वेळ पाचची. चारला मी हॉलमध्ये गेले तर ऊन थेट गौरीच्या तोंडावर. मोगऱ्याचे गजरे करपायला लागलेले, कलिंगडाच्या कमळाला पाणी सुटलेलं, भिजवलेल्या हरभऱ्यांना वास यायच्या बेतात. मी झोपाळा उचलला आणि मागच्या खोलीकडे निघाले. जाऊबाई दारात आडव्या आल्या. "हे काय करायलीस ग? पाव्हण्या बायकांना मागच्या अंधाऱ्या खोलीत बसवायचं? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "ताई, लोक उन्हाळ्यात सावलीला नावं ठेवत नसतात." आत्याबाई काही बोलल्या नाहीत, फक्त उठून आपलं देवघराचं दार उघडून बसल्या. मग पुढे बोलणंच खुंटलं.

खोलीत काय केलं तेवढं सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हेच उपयोगी आहे. जमिनीवर पाण्याचा हलका शिपका मारला, वर सुती सतरंजी. दाराला वाळ्याची ताटी लावून ती ओली केली. गौरीमागे आत्याबाईंचं पांढरं धुतलेलं लुगडं, बाकी काही नाही. कैऱ्यांचा पाल्यासकट एक घोस. उंबऱ्याबाहेर चैत्रांगण. दिवा एकच, समईचा. त्या अंधारात पांढरं लुगडं आणि मोगरा असे उजळून दिसत होते की रंगीत दिव्यांची गरज पडली नाही.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका किती वेळ बसतात हे तुम्हाला माहीत असेल. ओटी, डाळ, पन्हं, की उठल्या पुढच्या घरी. त्या दिवशी कुणी उठेना. शेजारच्या म्हाताऱ्या काकू भिंतीला टेकल्या आणि चक्क डुलकी घेऊ लागल्या. गल्लीतल्या दुसऱ्या दोन घरचं हळदीकुंकू खोळंबलं आणि तिथल्या सुना बायकांना शोधत आमच्याकडे आल्या, त्याही बसल्या. दिवेलागणीपर्यंत खोली भरलेली होती. जाऊबाई आजही म्हणतात की पन्हं चांगलं झालं होतं म्हणून बायका बसल्या. पन्हं मीच केलं होतं, तरीही सांगते, त्या खोलीमुळे बसल्या.

आता तुमच्या फ्लॅटकडे येते. तुम्हाला दोन फुटी भिंत मिळणार नाही. वरचा स्लॅब दिवसभर तापणार आणि रात्रभर ती उष्णता तुमच्या अंगावर सोडणार. म्हणून पहिला खर्च गच्चीवर करा. घरमालकाला विचारून गच्ची झाडून पांढरा चुना द्या, त्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल घाला म्हणजे धरून राहतो. पांढरा रंग ऊन परतवतो, आणि फरक त्याच रात्री कळतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ज्या मराठवाड्यात एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथं स्लॅबवर पाणी ओतणं मला पटत नाही.

दुसरं, ती पश्चिमेची बाल्कनी. पडदा आतून लावू नका, म्हणजे लावा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. ऊन काचेतून आत आलं की उष्णता आत आलीच, मग आतला पडदा कितीही जाड असो. ऊन काचेच्या बाहेर अडवायचं. बांबूची चिक लावा, नाहीतर शेतीच्या दुकानात मीटरवर मिळणारी हिरवी शेडनेट बाल्कनीला बाहेरून ताणून बांधा. नेट आणि भिंतीत हातभर अंतर ठेवा, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. शेडनेट बघून सोसायटीतले कुणीतरी म्हणतील की बिल्डिंगचा लूक जातो. हे वाक्य मी फार वर्षं ऐकतेय. त्यांना एकदा दुपारी तीनला घरी चहाला बोलवा.

खिडक्या सकाळी दहाच्या आत बंद, सूर्य बुडाल्यावर सताड उघड्या. पुण्यात दिवसभर वारा खेळू देतात, इथं दुपारचा वारा म्हणजे झळ.

कापडाचं विचारलंत तर सुती किंवा खादी, दुसरं काही नको. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं नाव तुम्ही ऐकलं असेल, तिरंग्याचं कापड उदगीरला विणतात ते यांचंच. आपल्या भागातली खादी असताना सॅटिन कशाला आणायचं? रंग फिका घ्या. त्यापलीकडे रंगाबद्दल मला काही म्हणायचं नाही, तुमच्या डोळ्याला बरा वाटेल तो.

कुंड्या थोड्याच ठेवा. मोगरा ठेवाच, त्याला ऊन लागतं आणि तो उन्हाळ्यातच फुलतो. तुळस, कोरफड. एप्रिल-मेमध्ये नवी रोपं आणून कुंड्या बदलत बसू नका, मुळं धरत नाहीत आणि पाणी वाया जातं. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना पुरतं.

आणि संभाजीनगरात आहातच तर एखाद्या दुपारी पाणचक्कीला जा. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली, त्याच्या नहरींनी या शहराला पाणी दिलं, आणि पाणचक्कीचं पाणीही असंच मातीच्या नळांतून दुरून आणलेलं आहे. तिथल्या मोठ्या हौदाखाली एक दालन आहे, हौदाचा तळ तेच दालनाचं छत. डोक्यावर पाणी असल्यामुळे उन्हाळ्यातही आत गारवा असतो. आपल्या लोकांना ऊन कळत होतं, हे तिथं उभं राहिल्यावर पटतं. जे आज नवं घर बांधतायत त्यांनी तर आर्किटेक्टला घेऊन जावं. पश्चिमेला काच नको, छज्जा हवा, ओसरी हवी, हे मी भाऊजींना सांगून थकले, निदान दुसऱ्या कुणी तरी ऐकावं.

काही गोष्टी राहिल्या त्या सांगते. वाळ्याची ताटी आणि कूलर कोरड्या हवेतच चालतात. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की दोन्ही काढून ठेवा, नुसतं चिकचिकतं. वाळ्यालाही पाणी लागतंच, बादलीभर, पण ते नेमक्या जागी लागतं. तुमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असेल तर ताटीचा विचार सोडा, शेडनेट आणि चुना पुरे. कूलर घेतलात तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि टाकीत पाणी भरताना प्लग काढा. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक बसून माणसं दगावतात, लेकरं दगावतात. यात हयगय नको. गावाकडे पत्र्यावर पऱ्हाट्या नाहीतर कडबा टाकतात, गारवा छान होतो, पण ठिणगीचं भय असतं, शहरात ते करू नका.

आणि माळवद. मी त्याची बाजू घेतेय म्हणून कुणी जुनं घर न बघता तसंच राखू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला त्यात हजारो माणसं याच दगडमातीच्या भिंतींखाली आणि मातीच्या जड छतांखाली गेली. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक झोपले होते. भाऊजी वादात हेच पुढे करतात, आणि हा मुद्दा खरा आहे. पण त्यावर पाडणं हा एकच उपाय नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी मातीवर माती टाकत गेल्यानं छताचा भार वाढत जातो. तो आधी उतरवावा लागतो. आम्ही मागच्या खोलीची वरची माती काढून थर जेमतेम वीतभर ठेवला, पाणी मुरू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा कागद टाकला, भिंतीत आरपार दगड बसवून घेतले, खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरके आधार दिले. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं खोली तपासून तसं लिहून दिलंय. आत्याबाई आता नाहीत. भाऊजींना तिथं गाडी लावायला जागा करायची आहे. पार्किंगसाठी गेटजवळची जागा मोकळी पडलीये, तिथं चारचाकी आरामात बसते, मी स्वतः टेप लावून मोजलंय.