बोअर-पिस्टन करायच्या आधी हे बघा

प्रश्न : दादा नमस्कार, मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, घरगुती डबे करते आणि स्कूटरवरून पवई-चांदिवलीला पोचवते. गाडी २०१७ची, ११० सीसी, कार्बोरेटरवाली, ४१ हजार किलोमीटर झालेत. जूनपासून एकच त्रास चालू आहे, निघताना मस्त चालते पण तीन-चार किलोमीटर झाले की आयआयटीच्या आसपास दम सोडायला लागते, रेस दिली तरी आवाज वाढत नाही उलट दबतो, दोन-तीन झटके मारते आणि बंद. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. टाकी फुल केली की त्रास जास्त, म्हणून मला पेट्रोलचा संशय आला, दुसऱ्या पंपावर भरून पण पाहिलं. मेकॅनिकने प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला, कॉइल बदलली, २९०० रुपये गेले. आता तो म्हणतो इंजिन उतरलंय, बोअर-पिस्टन करा, म्हणजे घासलेला सिलिंडर-पिस्टन दुरुस्त करून घ्या, सात हजार लागतील. धूर अजिबात नाही, ऑइलही कमी होत नाही. गाडी उघड्यावर असते म्हणून पावसाळ्यात टाकीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी धरून वरून झाकण आवळते, एवढी काळजी घेऊनही असं का होतं?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : ताई, ते सात हजार आत्ता कोणालाही देऊ नका. आज डबे घेऊन निघायच्या आधी टाकीवरची पिशवी काढा, झाकण नुसतं लावा आणि जाऊन या. मी गाडी बघितलेली नाही त्यामुळे शंभर टक्के बोलणार नाही, पण तुम्ही जे जे लिहिलंय ते सगळं त्या पिशवीकडेच बोट दाखवतंय.

कसं ते सांगतो. टाकीतून पेट्रोल खाली उतरतं तेव्हा त्याची जागा घ्यायला बाहेरून हवा आत यावी लागते, आणि त्यासाठी झाकणातच एक बारीक वाट ठेवलेली असते. तुमच्या पिशवीने ती वाट बंद झाली. मग गाडी चालत राहते तसा टाकीत हवेचा दाब कमी होत जातो, पेट्रोल खाली यायचं मंदावतं, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपत येतं आणि इंजिन उपाशी राहून दबतं. पवईच्या चढाला जास्त पेट्रोल लागतं म्हणून तिथेच नेमकी मरते. दहा मिनिटं उभी राहिली की पिशवीच्या सुरकुत्यांमधून थोडी थोडी हवा आत शिरते, वाटी परत भरते, गाडी चालू. आणि टाकी फुल असताना त्रास जास्त का, तर फुल टाकीत वर हवेला जागाच थोडी असते, तिथे चमचाभर पेट्रोल कमी झालं तरी दाब पटकन पडतो, अर्ध्या टाकीत तसं होत नाही. पंपवाल्याचा यात काही दोष दिसत नाही. जूनमध्ये सुरू झालं हेही जुळतं, कारण पिशवी तुम्ही जूनमध्येच लावली असणार.

खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी बंद पडली की गाडी बाजूला घ्या, लगेच झाकण उघडा आणि कान द्या. हवा आत ओढल्यासारखा सुस्स आवाज आला आणि मिनिटभरात गाडी चालू झाली तर निदान पक्कं. पिशवी काढूनही तसंच झालं तर झाकणाचं भोकच मातीने बुजलंय, नवीन झाकण घ्या, इंजिनच्या कामापुढे ते किरकोळ आहे. पावसाची काळजी बरोबरच आहे तुमची, पण झाकणाचं रबर चांगलं असेल आणि सीट नीट बसत असेल तर पाणी जात नाही, फार तर सीटवरूनच मोठं कव्हर घाला.

आता समजा झाकण निर्दोष निघालं, तर मेकॅनिकला पुढचं या क्रमाने बघायला सांगा. पहिला पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीतून येणाऱ्या पेट्रोलची तोटी, बऱ्याच कार्बोरेटर स्कूटरमध्ये तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) उघडतो, आतला पडदा फाटला किंवा व्हॅक्यूमचा बारीक पाइप चिरला की पेट्रोल अर्धवट येतं, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत धरायचा, इंजिन फिरवून धार बघायची, आणि व्हॅक्यूमच्या पाइपात पेट्रोल दिसलं तर पडदा गेलाच म्हणून समजा. (हे काम गरम इंजिनवर किंवा बिडी-सिगरेट पेटलेली असेल तिथे अजिबात करू देऊ नका.) दुसरं टॅपेट, म्हणजे वाल्व्ह आणि त्याला उघडणारा भाग यांच्यातल्या बारीक फटीची सेटिंग, एक्झॉस्टचा टॅपेट टाइट झाला की इंजिन तापल्यावर वाल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पळतं, गाडी दम सोडते आणि थंड झाल्यावर पुन्हा बरी, म्हणजे लक्षण अगदी तुमच्यासारखंच. टॅपेट थंड इंजिनवरच सेट करायचा असतो, तेव्हा गाडी रात्रभर त्याच्याकडे ठेवायला लागली तर ठेवा.

बोअर-पिस्टनचा नंबर या सगळ्यानंतर. पिस्टनच्या रिंगा गेल्या की निळसर धूर येतो, ऑइल कमी होतं, प्लग ऑइलने ओला निघतो. तुमच्याकडे धूर नाही, ऑइल जागेवर आहे, आणि दहा मिनिटांत घासलेलं पिस्टन बरं होत नाही हो. तरीही तो अडून बसला तर कॉम्प्रेशन गेज लावून आकडा दाखव म्हणावं. गेज नसेल तर दुसरीकडे जा. डब्यांवर घर चालतं तेव्हा अंदाजाने पार्ट बदलत बसणं परवडत नाही, आणि मला वाईट याचं वाटतं की २९०० घेणाऱ्याने टाकीचं झाकण एकदाही उघडून बघितलेलं दिसत नाही.

प्रश्न : माझी स्कूटर बीएस६ आहे, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाली, २७ हजार किलोमीटर झालेत. रेस दिली की आवाज खूप वाढतो पण स्पीड पन्नासच्या वर जात नाही, सिग्नलवरून निघताना थरथरते. इंजेक्टर खराब झाला असेल का?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : आवाज वाढतोय म्हणजे इंजिन त्याचं काम करतंय, ताकद चाकापर्यंत पोचत नाहीये. वरच्या ताईंची तक्रार बरोब्बर उलटी होती, तिथे आवाजच वाढत नव्हता. पिकअप नाही म्हटलं की आधी हा एवढा फरक ओळखायचा, निम्मं काम तिथेच होतं. तुम्ही डाव्या बाजूचं कव्हर उघडून घ्या. इंजिनची ताकद मागे नेणाऱ्या बेल्टला आतून चिरा असतील किंवा रुंदी घासली असेल तर बदला, साधारण २०-२५ हजार किलोमीटरला तो बदलायला होतोच, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. बेल्टच्या पुढच्या पुलीतले, म्हणजे व्हेरिएटरमधले रोलर गोल राहिलेत की एका बाजूने चपटे झालेत ते बघा, बदलले तर सगळा सेट बदला. निघताना थरथरणं हे बहुतेक क्लच शू आणि बेलचं, शू बेलला आतून पकडून चाक फिरवतात, ते चकचकीत झाले की पकडत नाहीत, घसरतात. बेल्टवर ग्रीस किंवा ऑइलचा थेंब लागू देऊ नका. त्याआधी एक फुकटची तपासणी, गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, मागचं चाक हाताने फिरवा, जड फिरत असेल तर ब्रेक चिकटतोय. आणि इंजेक्टरबद्दल म्हणाल तर मीटरवर इंजिनचा दिवा पेटत नसेल तर त्याला हात लावायची घाई नको.

प्रश्न : मिलन सबवेजवळ पाण्यात गाडी बंद पडली, सेल्फ मारून बघू का?
– एक वाचक, सांताक्रूझ

उत्तर : नको. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी हवेसारखं दबत नाही, सेल्फच्या जोराने पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडी ढकलत कोरड्या जागी न्या, मेकॅनिककडून प्लग काढून इंजिन फिरवून घ्या म्हणजे पाणी असेल तर बाहेर फेकलं जाईल. ऑइलची पट्टी काढून बघा, दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय, गाडी चालू न करता ऑइल बदला, मग थोडी चालवून पुन्हा एकदा बदला. एअर फिल्टर कागदाचा असेल तर वाळवून परत बसवू नका, नवीनच टाका. बेल्टच्या कव्हरमधलं पाणीही काढायला सांगा, नाहीतर ओला बेल्ट घसरेल आणि तुम्हाला वाटेल इंजिनच गेलं.