आधी चित्रपट, मग किस्सा

चि. मित्रास, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मन अस्वस्थ झाले. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या आरंभीच्या लघुपटातली आगगाडी अंगावर येते आहे असे वाटून पॅरिसचे प्रेक्षक खुर्च्या सोडून पळाले, हा किस्सा तू लेखात मोठ्या आवडीने सांगितलास. त्याला भक्कम समकालीन पुरावा सापडत नाही हे कळल्यावर, चित्रपटाचा इतिहास ऐकीव गोष्टींवरच उभा असेल तर तो लिहायचा तरी कशाला, असा प्रश्न तुला पडला. किस्सा डळमळीत आहे हे खरेच. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्राँ कॅफेत ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून दहा लघुपट दाखवले, त्यांत ही आगगाडी नव्हती. पण त्याने तुझे काय गेले? तो चित्रपट आजही उपलब्ध आहे, जेमतेम पन्नास सेकंदांचा आहे, आणि तुझ्या लेखात त्यातल्या दृश्याविषयी एकही वाक्य नाही.

आधी चित्रपट, मग किस्सा. ती गाडी नीट समोरून येतच नाही. दूरच्या ठिपक्यापासून वाढत ती तिरकी येते आणि कॅमेऱ्याच्या शेजारून पुढे सरकून थांबते. मग उतारूंची लगबग सुरू होते आणि काही माणसे इतक्या जवळून जातात की कॅमेरा जागचा न हलता दूरचे, मधले आणि जवळचे अशी तिन्ही दृश्ये एकाच अखंड शॉटमध्ये मिळतात. हे पाहायला कोणाच्या आठवणींची गरज नाही.

त्याच ल्युमिएरांच्या कारखान्यातून कामगार बाहेर पडतानाचा लघुपट घे. वास्तवाची सहज टिपलेली पहिली नोंद म्हणून त्याचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलो. त्याच्या तीन आवृत्त्या उपलब्ध आहेत: एकीत एका घोड्याची गाडी बाहेर पडते, दुसरीत दोन घोड्यांची, तिसरीत घोडाच नाही. म्हणजे तेच दरवाजे पुन्हा उघडले, तीच माणसे पुन्हा बाहेर पडली, आणि ज्याला आपण निव्वळ नोंद म्हणत होतो त्यात दिग्दर्शन होते. ही गोष्ट पळणाऱ्या प्रेक्षकांच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी आहे. ती तीन लघुपट शेजारी ठेवून पाहणाऱ्यालाच सापडते, आणि इतके सोपे काम लोक का करत नाहीत हे मला कधीच कळलेले नाही.

आपल्याकडेही तेच. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी स्त्री-नटी मिळेना म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके यांना फाळक्यांनी तारामती केले, हे प्रत्येक लेखात असते. पण तारामती म्हणून ते उभे कसे राहतात, हात कसे ठेवतात, राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो त्या दृश्यात चौकटीत त्यांना कोणती जागा मिळते, हे किती जणांनी लिहिले? पुढे १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये याच नटाने राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. अभिनयाच्या इतिहासातला केवढा विलक्षण प्रश्न आहे हा! आपण मात्र हॉटेलापाशीच थांबतो.

मी लिहू लागले तेव्हा एका संपादकांनी माझ्या लेखातले दृश्याचे वर्णन कापून किस्से तेवढे ठेवले होते. त्यानंतर मी वर्णन आधी आणि सविस्तर लिहू लागले. माझ्या लेखांना रुक्ष म्हणतात ते मला ठाऊक आहे. वाचक कमी मिळाले त्याचे दुःखही आहे, पण मी वेगळे लिहायला हवे होते असे मला आजही वाटत नाही. जुन्या चित्रपटांच्या नायट्रेटच्या, लवकर खराब होणाऱ्या फिती डब्यात कुजून गेल्या आणि त्यांवरचे किस्से मात्र धडधाकट राहिले, ही खंत ज्याला आहे त्याने उरलेले रीळ तरी डोळे उघडे ठेवून पाहिलेच पाहिजे.

चित्रपटच उरला नसेल तर काय, हा तुझा एकच प्रश्न खरोखर अवघड आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात झळकलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. अशा वेळी छायाचित्रे, जाहिराती आणि त्या काळातली वृत्ते यांवरून लिही. पण हे मी पाहिलेले नाही, असे पहिल्याच परिच्छेदात सांग, आणि त्याच्या अभिनयावर किंवा ध्वनीवर मत देऊ नकोस. डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरच्या जोन ऑफ आर्कवरील मूकपटाची मूळ आवृत्ती नष्ट झाली असे सारे समजून चालले होते. ती १९८१ साली ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात सापडली. दिग्दर्शक १९६८ सालीच वारला होता. मधल्या काळात ज्यांनी अपुऱ्या प्रती पाहून छातीठोक निवाडे दिले, त्यांना ते पुन्हा तपासावे लागले.

तेव्हा इतिहास सोडण्याची भाषा आता पुरे. लेख मागे घेऊ नकोस. ते पन्नास सेकंद सलग अनेकदा पाहा, एकदा उतारूंकडे, एकदा फक्त गाडीकडे, एकदा चौकटीच्या कडांकडे लक्ष देऊन. मग लेख नव्याने लिही आणि मला पाठव. पळालेल्या प्रेक्षकांचा किस्सा शेवटी, ‘असे सांगतात’ म्हणून खुशाल येऊ दे.

कळावे.