मुलीचं नाव 'शर्वरी' ठेवायचंय, पण अर्थ 'रात्र' होतो म्हणून सासूबाई नको म्हणतात. नावाचा अर्थ खरंच इतका बघावा का?

ठेवा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पुढचं सगळं माझं रामायण आहे, सवड असेल तर वाचा.

सासूबाईंना एवढंच विचारा की त्यांच्या माहितीत रजनी, निशा, यामिनी, विभावरी किती जणी आहेत. सगळ्या रात्रीच. त्यांच्या घरी उजाडत नाही का? 'शर्वरी'ला मात्र लगेच अर्थ आठवतो, कारण नाव जरा कमी कानावर येतं आणि मोबाईलवर शोधलं की पहिला शब्द 'रात्र' दिसतो. रोजच्या नावाचा अर्थ कोणी बघत नाही.

आता माझं. मी गोव्यातल्या डिचोलीकडची, दिली म्हार्दोळच्या बाजूला. माझ्या आईच्या परसात विहिरीच्या कठड्यालगत अबोलीची रांग होती. शाळेतून आले की फुलं खुडायची आणि केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात आईसोबत फाती, म्हणजे गजरे, ओवायची, हे माझं लहानपण. अबोलीला वास नाही, कबूल. पण जायो, म्हणजे जाईची फुलं, संध्याकाळी माळल्या की सकाळी काळ्या पडतात आणि अबोली दुसऱ्या दिवशीही केसांत तशीच असते. मुलगी झाली तर अबोली, हे मी लग्नाआधीच ठरवलं होतं. नवऱ्यालाही आवडलं. विषय संपला असं आम्हाला वाटलं.

माझी नणंद मराठीची शिक्षिका. (आता निवृत्त आहेत, पण शिक्षिका कधी निवृत्त होते?) बारशाच्या आठ दिवस आधी त्यांनी आमच्या बसायच्या खोलीत तास घेतला. "अ म्हणजे नाही. बोली म्हणजे बोलणारी. मुलीला जन्मभर मुकी म्हणणार आहात का? घरात अबोला आणणार?" मी म्हटलं, "वन्सं, फूल आहे ते." त्या म्हणाल्या, "फुलालाही नाव कशावरून तरी पडलेलंच असतं ना!" त्यांनी आणलेलं नाव होतं 'वाणी'. बघा योगायोग.

बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा, तो काही मला काढून घेता येत नव्हता. त्या पाळण्यावर वाकल्या, कुर्रर्र केलं आणि काहीतरी पुटपुटल्या. काय पुटपुटल्या ते मला आजही माहीत नाही. माझ्या जावेने रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले. ते रिवाजापेक्षा थोडे जोरात बसले, आणि मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पोरगी गुटगुटीत. चालली वेळेवर, हसली वेळेवर. बोलेना. दीड वर्षाची झाली तरी 'आ' आणि 'बा'. दोन वर्षं झाली, शब्द मोजून पाच. त्या वर्षी चवथीला, म्हणजे गणपतीत, घर भरलेलं, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली, आणि अख्ख्या पंगतीसमोर वन्सं म्हणाल्या, "जे नावात असतं तेच तोंडात येतं." पंगतीत कोणी काही बोललं नाही. ज्यांनी बोलायला हवं होतं तेही नाही. नेवरी (करंजी) घशात अडकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर आमच्या घरात वैद्यक थांबलं आणि व्याकरण सुरू झालं. सासूबाईंनी देवळात प्रसाद लावायचं ठरवलं. आमच्याकडे मूर्तीला पाकळ्या लावून कौल घेतात हे गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. पाकळी उजवी पडली, म्हणजे होय. पण होय कशाला? नवरा म्हणे मी विचारलं 'आहे तेच नाव राहू दे का'. वन्सं म्हणे, विचारायचं ठरलं होतं 'नाव बदलू का'. देवाने बिचाऱ्याने उत्तर दिलं होतं, पण प्रश्नावरच एकमत नव्हतं. शेवटी तोडगा निघाला: कागदावर अबोली, घरात वाणी. मीसुद्धा मान डोलावली. त्याची लाज मला अजून वाटते.

आता गंमत बघा. पोरगी अबोलीलाही ओ देत नव्हती आणि वाणीलाही नाही. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. सगळे म्हणत होते, दोन नावांमुळे गोंधळली असेल.

शिमग्याच्या सुमारास शेजारच्या वाड्यावरची एक वयस्क बाई अंडी द्यायला आली. ती पूर्वी दायीचं काम करायची. तिने दोन हाका मारल्या, मग मुलीच्या मागे जाऊन टोपावर झाकण आपटलं. मुलगी वळली. मग तिथूनच हळू हाक मारली, वळली नाही. ती मला म्हणाली, "बाय, हिचे कान दाखव." बस. तिने अर्थ विचारला नाही.

दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलेलं. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत हे पुष्कळदा होतं. मोठा आवाज ऐकू येतो, पण बोलणं पाण्याखालून आल्यासारखं येतं. मग मूल शब्द उचलणार कुठून? बहुतेक मुलांचं दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. आमचं ओसरलं नाही. तीन महिने थांबून कानाच्या पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. घरी आलो त्याच दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि ती दचकून माझ्या साडीत तोंड खुपसून उभी राहिली. असा आवाज तिने आधी ऐकलाच नव्हता. मी भात तसाच ठेवून खाली बसले आणि रडले.

दोन महिन्यांत शब्दांवर शब्द. वन्सं आल्या, ऐकलं, आणि म्हणाल्या, "वाणी म्हणायला लागलात म्हणून गुण आला."

हे उत्तर मी त्या एका वाक्यासाठी लिहितेय. चवथीपासून शिमग्यापर्यंत सहा महिने गेले ते नावाच्या अर्थापायी गेले, आणि श्रेयही अर्थालाच. तेव्हा मला सुचलं नाही म्हणून आता बोलते. अबोलीची शेंग बघितलीत कधी? वाळलेली शेंग पहिल्या पावसात भिजली की टचकन फुटते आणि बिया लांब उडवते. आमच्या परसात पावसाच्या तोंडावर टच टच आवाज यायचा. मुकं झाड म्हणे!

आणि अर्थच काढायचा तर मग नीट काढा ना. कुणाल म्हणजे सुंदर डोळ्यांचा पक्षी, आणि अशोकाच्या त्या कुणालाचे डोळे काढले गेल्याची कथा आहे. कुठे गेला अर्थ? बिभीषण म्हणजे भयंकर, भीती घालणारा, आणि लंकेत भला निघाला तो एकटाच. दुर्योधन म्हणजे ज्याच्याशी लढणं कठीण. अर्थ मर्दानी आहे, ठेवा बघू. अपर्णा म्हणजे झाडाची पानंसुद्धा न खाल्लेली, म्हणजे उपाशी. उमा म्हणजे, कालिदासाचं ऐकाल तर, आईने तपाला जाऊ नको म्हणून घातलेली 'उ मा' अशी हाक. 'अगं नको!' हे आपल्याकडे देवीचं नाव आहे, आणि किती गोड नाव आहे.

आमचा मंगेश घ्या. देवळात सांगतात ती कथा अशी: शंकर वाघाचं रूप घेऊन समोर आला, पार्वती घाबरली, 'त्राहि मां गिरीश' म्हणायचं होतं ते तोंडातून अर्धवट निघालं, त्यातून मांगिरीश आणि पुढे मंगेश. घाबरलेल्या बायकोच्या तोंडून गडबडीत निघालेली हाक देवाने नाव म्हणून ठेवून घेतली. त्याने कोश उघडला नाही.

ज्या बाईने कान दाखवायला सांगितलं, तिच्या नवऱ्याचं नाव पेद्रू. पेद्रू म्हणजे दगड, ख्रिस्ताच्या शिष्याचं नाव. आमच्यात धोंडू म्हणजेही दगडच. पण पेद्रूला अर्थ विचारणारं कोणी भेटत नाही. तो संताचा पेद्रू, आजोबाचा पेद्रू, एवढंच. नाव कोणाचं, हा त्यांचा प्रश्न. मला तो जास्त शहाणा वाटतो.

माझे स्वतःचे आजोबा भिकू. आधीची दोन भावंडं गेली म्हणून पणजीने पाच घरी तांदूळ मागितले आणि ह्याचं नाव भिकू ठेवलं, म्हणजे नजर लागायला नको. अर्थ भिकाऱ्याचा, आयुष्य ८८ वर्षांचं, स्वतःचं कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग. त्यांच्या नावाने त्रास दिला तो अर्थाने नव्हे, स्पेलिंगने. पोर्तुगीज नोंदीत 'भ' कुठला, तिथे ते 'बिकू'. शाळेच्या दाखल्यावर भिकू, रेशन कार्डावर भिकाजी. पोर्तुगीज काळात श चा एक्स व्हायचा, प्रभूचं पोरोबो झालं, शेणव्यांचं सिनाय झालं. माझ्या काकांनी स्वतःचा १९६१ च्या आधीचा जन्म पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला नोंदवायला काढला तेव्हा बिकू, भिकू आणि भिकाजी हा एकच माणूस आहे हे प्रतिज्ञापत्र करून सिद्ध करावं लागलं. दीड वर्ष फेऱ्या. तेव्हा शर्वरी ठेवा, पण इंग्रजीत ए किती आणि कुठे ते आजच ठरवा, आणि जन्मदाखला, आधार, पासपोर्ट सगळीकडे तेच अक्षर. हे मी मनापासून सांगते.

घाई मात्र करू नका. नोंद नावाशिवाय झाली असेल तर बारा महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत उशिराचं शुल्क भरून. एकदा घातलेलं बदलायचं म्हटलं की गोव्यात त्याला १९९० चा वेगळा कायदा आहे, आणि ते प्रकरण राजपत्रापर्यंत जातं.

अर्थ अजिबातच बघू नये असं मी म्हणतेय का? तसंही नाही. साताऱ्याकडे मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना 'नकुशा' म्हणायचे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या जिल्हा परिषदेने २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली. ती बदलायलाच हवी होती. तिथे अर्थ कोशात नव्हता, आईबापाच्या तोंडात होता, आणि पोरीला तो रोज ऐकू येत होता. माझ्या आजोबांचं भिकूही वाईट अर्थाचं, पण ते मूल जगावं म्हणून ठेवलेलं. एक लाडाने, एक रागाने. तुमचं 'रात्र' कशात मोडतं ते तुम्हीच बघा. मला तर रात्र आवडते. आणि सासूबाईंच्या मनात मुलीच्या रंगाविषयी काही असेल, तर नाव बदलून तो प्रश्न सुटणार नाही. तो त्यांच्याशी वेगळा बोला.

अर्थ हवाच असेल तर निदान खरा शोधा. नावांच्या याद्यांत वाट्टेल ते लिहितात. कियारा घ्या. इटालियनमध्ये उजळ, आयरिशमध्ये काळी. तुमची कुठली? आणि रेयांश. अंश समजलं, पण 'रेय' हा शब्द संस्कृतात कुठे आहे ते मला कोणीतरी दाखवा. इंग्रजी किरण आणि संस्कृत अंश जोडून केलेली ती भाकरी आहे.

रेयांशचं मी मुद्दाम काढलं, कारण गेल्या महिन्यात वन्संच्या नातवाचं बारसं झालं आणि त्याचं नाव रेयांश. मुलगा-सून पुण्याला, त्यांनी यादीतून काढलं. वन्संनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अर्थ काय गो ह्याचा?" मी म्हटलं, "फूल असेल." हे मी वाईट केलं, पण एकोणीस वर्षं थांबले होते.

बाळाला सख्खी आत्या नाही, म्हणून मान आला बापाच्या मामेबहिणीला, म्हणजे आमच्या अबोलीला. (वाणी हे नाव ती सहा वर्षांची असतानाच गळून पडलं, तिला स्वतःलाच ते आठवत नाही.) पाळण्यावर वाकली, कुर्रर्र केलं, आणि बाळाच्या कानात बोलत राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. बायका हसायला लागल्या. धपाटे घालणाऱ्यांचे हात थकले. शेवटी वन्संच म्हणाल्या, "अगो पुरे, नाव एकदाच सांगायचं असतं."